वेणीवालीला सांगितलेलं नाव

माझा नवरा इथे परदेशात लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेल्या माणसांशी दाराआडून असा काही बोलतो, की रडवेली बाई हसत बाहेर येते. घरी मात्र मूग गिळून बसतो. त्यात त्याचा दादा आजारात गेला. याच्या हातात पाना देणारा, कामाला लावणारा तोच. पण याने टिपूस गाळलं नाही. फक्त लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं बंद केलं. शेवटी कंपनीने समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

बाई आमच्यातल्या नव्हेत. वंशच वेगळा, रंग काळाभोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या, दिसायला देखणी मेली. मी तिला वेणीवाली म्हणायला लागले.

"तिला आपलं काय डोंबल कळणार?" मी म्हटलं.

"मी तोंडावरच विचारलं तसं," तो म्हणाला. "तर म्हणते, नाही कळणार. म्हणून तुम्ही सांगा."

झालं! दर मंगळवारी स्वारी इस्त्रीचा शर्ट चढवून तयार. मी बाहेरच्या बाकावर. काचेतून दिसायचं, हा परक्या भाषेत हातवारे करून बोलतोय. हातवारे! लग्न झाल्यापासून माझ्यासमोर याचे हात फक्त जेवताना हललेत. अंगाची नुसती लाही व्हायची.

मग मीच कंपनीत फोन केला. म्हटलं, आम्हाला आमच्यातल्या बाई द्या. मिळाल्या. वयस्कर, आपली भाषा, अगदी मावशीच. मलाही आत बसवलं.

"दादा गेला..." याने सुरुवात केली.

"कळतंय हो मला," त्या म्हणाल्या. "मोठा भाऊ म्हणजे वडिलांच्या जागी."

"हो," हा म्हणाला. त्यापुढे एक शब्द फुटेल तर शपथ!

घरी आल्यावर मी भडकले. "त्या वेणीवालीत असं काय सोनं लागलंय?"

त्याने शर्ट काढून खुंटीला टांगला. मग म्हणाला, "तिला दादा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मग तिने त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. जन्मात कधी घेतलं नव्हतं गं. तीपण घ्यायला लागली, वेडंवाकडं. मला रडूच फुटलं."

रडला! आणि तिच्यासमोर! माझा पदर काय झिजला होता?

पण खरंच, आमच्या घरात ते नाव घेणार कोण? याचा दादा, माझे भाऊजी, मुलांचे मोठे काका. नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. कान तापले होते, तरी भाऊजींचं नुसतं नाव घेतलं, पुढे-मागे काही न लावता. "कोण होता हा? मला काही माहीत नाही. सांग."

तो बघतच राहिला. "तू नाव घेतलंस?"

"ती घेते, मग मी का नको?"

"तो लिफ्टला घाबरायचा," तो म्हणाला. "खड्ड्यात उतरताना माझा हात धरायचा. मी धाकटा, तरी."

"हे तिला सांगितलंस?"

"नाही. कुणालाच नाही."

"मंगळवारी जा तिच्याकडे खुशाल," मी म्हटलं. "पण हे तिला सांगायचं नाही."

आणि तो माझा हात धरून रडला.