आदर्श विद्यार्थिनीची फ्रेम

शहाद्याकडच्या आमच्या गावात ममताइतकी खुळी सून दुसरी नाही, असं तिचे सासरे नवनीतआबा चारचौघांत सांगत. कारण काय, तर आठ वर्षांच्या लेकीची, हेतलची, स्वमग्नतेची तपासणी करून घ्यायचा तिने धरलेला हट्ट.

"पोर मोठी गुणी शे," आबा म्हणत, "कोनाकडे मान वर करीसन देखस नही."

गावाला अशाच पोरी लागतात. न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या. शाळेने तर हेतलला आदर्श विद्यार्थिनीचं प्रमाणपत्रच देऊन टाकलं. तिला शिकवण्यापेक्षा गुरुजींना ते सोपं पडलं. आबांनी त्याची फ्रेम करून बैठकीत लावली आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ती दाखवली.

शेवटी ममता पोरीला घेऊन नंदुरबारला निघालीच. आबाही फ्रेम काखोटीला मारून बरोबर गेले आणि ती त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर उभी केली.

"हे कशासाठी मिळालं?" बाईंनी विचारलं.

"वरीसभर एक डाव बी जागावरथून उठनी नही!" आबांची छाती फुगली.

ममताने पिशवीतून हेतलचा शाळेचा स्कर्ट काढून फ्रेमशेजारी ठेवला.

"लघवीलाही उठत नाही, मॅडम. विचारायचं कसं, ते तिला कळत नाही. रोज ओला होतो, रोज मी धुते. गडद निळा आहे ना, गुरुजींना दिसत नाही."

मग पदर न सावरता ती सासऱ्यांकडे वळली.

"आबा, तुमले कधी वास बी नही उना का?"