वाचली का?

सक्करदऱ्यात पुष्पलताकाकूंची मेस विचारली तर कोणीही घर दाखवील. तिथं जेवणारी पोरं मात्र आज भाजी काय हे विचारत नाहीत. काकूंची कादंबरी कुठवर आली ते विचारतात. नायिका शत्रूच्या हाती लागली की वरण करपतं आणि ती निसटली की ताटात बुंदीचा लाडू पडतो.

काकूंना वेड एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्यांचं. महायुद्ध, आणि त्यात हेरगिरी करणाऱ्या बायका. पोळपाटाशेजारी पुस्तक उघडं, पान उडू नये म्हणून वर डाळीची वाटी. कुहीसारख्या लहानशा गावाहून लग्न होऊन आलेल्या या बाईला पॅरिसच्या गल्ल्या घरच्या अंगणासारख्या पाठ आहेत. कुणी अंबाड्यात नकाशा लपवून चौकी ओलांडली की काकू कणीक मळता मळता ओरडतात, "शाबास वं माय!"

या सुखात खडा एकच, तो म्हणजे गणपतराव. काकूंचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आता मेसचे डबे पोचवतात. माणूस सोन्यासारखा, पण नवं पुस्तक आलं की आधी शेवटचं पान उघडणार! नायिका मेलेली त्यांना सोसत नाही, म्हणून बघून ठेवायचं. ते सांगत काही नसत, पण डोळे भरून येत आणि ते लपवायला स्वारी कांदे चिरायला बसे. एरवी या गृहस्थानं कधी कोथिंबीर निवडलेली नाही. कांदे दिसले की काकू ओळखत, बाई गेली. मग उरलेली पानं वाचायची म्हणजे नुसती शिक्षा.

मागल्या महिन्यात वाचनालयातून मार्ताची कादंबरी आली. ही एक परटीण. शत्रूनं घेतलेल्या शहरात दोरीवर कपडे वाळत घालायची आणि कोणत्या कपड्याशेजारी कोणता, यातून निरोप धाडायची. काकूंनी या वेळी आधीच खडसावलं.

"हे पाहा जी, एकदा तरी मले शेवट माहीत नसताना वाचू द्या. शेवटच्या पानाले हात लावला तं माही शपथ आहे."

"नाई लावत वं," गणपतराव गळ्याला चिमटा घेऊन म्हणाले.

मार्तानं सैन्याला चकवलं, पकडलेल्या मैत्रिणीला सोडवलं. काकू रोज जेवताना नवऱ्याला सारं रंगवून सांगत. आणि एकच प्रकरण उरलं असताना गणपतरावांनी सुरी घेतली आणि कांद्यांची टोपली पुढ्यात ओढली.

काकूंनी ओळखलं. शपथ मोडली ती मोडली, पण मार्ता गेली! त्या संध्याकाळी पोरांनी मुकाट्यानं करपलेलं वरण खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मन घट्ट करून, पदर डोळ्यांशी धरूनच त्या वाचायला बसल्या. सैनिक आले. दोरी तोडली. गोळी सुटली. काकूंनी पान उलटलं.

मार्ता नदीपलीकडे उभी होती, धडधाकट, केस पिळत.

काकू खाटेवरून ताडकन उठल्या. असा आनंद त्यांना कितीतरी वर्षांत झाला नव्हता. तोच दारात गणपतराव दिसले.

"वाचली का वं?"

हेर बायका चौकशीला कशा तोंड देतात ते काकूंना पाठ होतं. चेहरा कोराच ठेवून त्या म्हणाल्या, "वाचली."

"म्हंजे जित्ती आहे?"

"कादंबरी वाचली, असं म्हणते मी. तुमी काहून विचारता? पाह्यलं नं शेवटचं पान?"

"तुही शपथ होती नं. नाई पाह्यलं." गणपतराव ओशाळले. "तू रोज सांगत होती, तवा वाटलं, इतकी हुशार पोट्टी मरत नसते. म्हणून कांदे चिरले. म्हटलं, तुले वाटंन गेली, आन मंग ते एकदम समोर आली तं तू किती खुश होशीन! पण रातभर झोप नाई मले. सांग नं, पोट्टी वाचली का?"

काकूंना इतकं भरून आलं की सांगून टाकावं असं वाटलं. पण एवढ्या संसारात आज पहिल्यांदा शेवट त्यांच्या एकटीच्या ताब्यात होता. त्यांनी पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं.

"तुमीच वाचा. पयल्या पानापासून."

गणपतराव निमूटपणे ओट्यावर बसले आणि त्यांनी पहिलं पान उघडलं. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या पोटभर हसल्या.