फोटोपुरती मुसलमान

मॅडमनी पिशवीतून काळा बुरखा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा घाल. पटकन. उजेड जातोय."

कर्जतजवळच्या कळंबचं रिसॉर्ट. हिरवळीवर कॅमेरा लावलेला. मी पंजाबी ड्रेसवर, डोक्यावर ओढणी. आमच्या घरच्या बाया अशाच राहतात. आई तर जन्मभर साडीत. मी म्हटलं, "मॅडम, मी बुरखा नाही घालत."

"माहीत आहे गं. पण अशी उभी राहिलीस तर तू कोण आहेस ते लोकांना कळणार कसं? अशी तू कुणीही वाटतेस."

कुणीही.

फोटोग्राफर हसला. संस्थेचे एक विश्वस्त खुर्चीत चहा पीत होते. पुण्याचे निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते म्हणाले, "आणि मराठी किती स्वच्छ बोलते! सांगितल्याशिवाय कळायचंच नाही." त्यांच्या मते ते कौतुक होतं. माझा जन्म खोपोलीचा, शाळा खोपोलीची. मराठी नाहीतर काय बोलणार होते मी?

मी बुरखा घातला. दुसऱ्याच कुणाचा होता. पायात अडकत होता. काखेत परक्या घामाचा वास. फोटोग्राफरनं माझं बोट धरलं आणि नखावर निळ्या मार्करनं रेघ मारली. मत दिल्याची खूण.

"बोट वर करा. चेहरा थोडा दुःखी. इतका नको. आता डोळ्यांत आशा आणा."

आणली आशा.

माझी नणंद बुरखा घालते. तिच्या मर्जीनं. तिला तो शोभतो, आणि तिनं तो घातला म्हणून कुणी तिला काही बोललं तर मी भांडेन. पण मला तो घालायला लावला. मी मुसलमान आहे हे माझ्या तोंडावरून पटत नव्हतं म्हणून. ओढणीची घडी हातात घेऊन मी रिसॉर्टच्या बाथरूममध्ये गेले आणि नखं घासत बसले. मार्कर निघाला नाही.

ही संस्था मुंबईची. इस्लाम आणि लोकशाही यांचं नातं लोकांना समजावून सांगायचं हे तिचं काम. मॅडम तिच्या संचालक. मुसलमानच, पण मोठ्या घराण्यातल्या, बाप-आजा वकील. मी खोपोलीच्या शिळफाट्याला शिवणकाम करायचे. बी.ए. झालेली बाई वस्तीत सापडली म्हणून त्यांनी मला कार्यकर्ती केलं.

खोटं कशाला सांगू, पहिल्या शिबिरात मी भारावले होते. एका वक्त्यानं शूरा म्हणजे काय ते सांगितलं. आपापसात मसलत करून ठरवायचं, एकट्यानं हुकूम सोडायचा नाही, हे आपल्या कुराणात आहे म्हणाला. माझ्या धर्मात हे आहे आणि मला आजवर कुणी सांगितलं नाही! त्या दिवशी घरी येताना मी वेगळीच चालत होते. ताठ.

मग मी बाया जमवायला लागले. माझ्याच घरी, मशीन भिंतीला सरकवून. शूरा सांगितली, मत सांगितलं, घटना सांगितली. बाया ऐकायच्या. एक दिवस हसीनाभाभीनं मला मधेच तोडलं. हसीनाभाभी शेजारची. तिच्या पोरीला नवऱ्यानं टाकली, तेव्हा निकाल जमातीच्या, म्हणजे आमच्या समाजाच्या पंचायतीच्या, सभेत झाला. आत सगळे पुरुष. पोरगी बाहेर ओट्यावर. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"ते दिल्लीचं ऱ्हाऊ दे गं," हसीनाभाभी म्हणाली. "आमच्या जमातीत आमाला मत हाय का, त्ये सांग."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. 

मी ते मॅडमपर्यंत नेलं. म्हटलं, संस्थेच्या येत्या परिषदेत हा विषय घ्या. जमातीचे अध्यक्ष येणारच आहेत, समोरासमोर विचारू.

मॅडम म्हणाल्या, "ते आपले पाहुणे आहेत. गल्लीतली भांडणं स्टेजवर नकोत."

"मॅडम, शूरा गल्लीत नाही तर कुठं करायची?"

त्यांनी चष्मा काढला. आवाज गोड केला. "तुझे आजोबा कापूस पिंजायचे ना? गाद्या भरायचे? मग धीर धर. तुमच्या लोकांना अजून वेळ लागेल. एका पिढीत सगळं मिळत नाही."

बरोबरीचा धर्म, असं यांच्याच शिबिरात शिकले होते. आणि या बाईनं माझी पिंजाऱ्याची जात काढली. काम मी सोडलं नाही. तेव्हाही.

परिषद त्याच रिसॉर्टच्या हॉलमध्ये झाली. वस्तीतल्या बाया आणायचं काम माझंच. टेंपो भरून आणल्या. आई पण आली. स्टेजच्या मागं माझा फोटो, छतापर्यंत. काळा बुरखा, निळं बोट.

आई बघत राहिली. "ही कोन गं? तुज्यासारकी दिसते."

"मीच हाय, आई."

आईनं पदर डोक्यावर पुढे ओढला आणि खाली बघायला लागली. 

मॅडम इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. बोलता बोलता फोटोकडे हात केला. मग आमच्या रांगेकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हनते ती?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणते, या मुलीची आई कधी घराबाहेर पडली नव्हती. मतपेटी काय असते ते तिला ठाऊक नव्हतं. आमच्या संस्थेनं मायलेकींना मतदान केंद्रापर्यंत नेलं.

"मला? मला हिनं न्येलं?" आईचा आवाज चढला. "तुजा बाप व्हता तवापास्नं मी मत देते. त्याचं येक, माजं येक. कोनाला दिलं त्ये त्याला बी कदी सांगलं नाय!"

पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. कुणीतरी श्श् केलं. माझ्या आईला. श्श्.

 मी उठले. मॅडमनी स्टेजवरून हात हलवला, "नंतर, नंतर." माईक कुणी देईना. मी बिनमाईकची बोलले.

"ही माझी आई. हिला कुणी बाहेर काढलं नाही. ती आधीपासून बाहेर आहे. तो फोटो खोटा. बुरखा माझा नाही, बोटाला शाई नाही, मार्कर आहे. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही इथं लोकशाहीवर बोलायला आलात. आमच्या जमातीच्या सभेत बाईला बसायला जागा द्याल का? हो की नाही?"

अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी सरांकडे. सर म्हणाले, "ताई, ही ती जागा नाही."

"मग कुठली?"

मॅडमनी माईक ओढला. "जेवण तयार आहे. सगळ्यांनी चलावं."

हेच त्यांचं उत्तर. बिर्याणी. आम्ही जेवलो नाही. आई आधी उठली, मग हसीनाभाभी, मग बाकीच्या. काही जणी बसून राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना त्याच वस्तीत राहायचंय.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. तुमच्या सेवेची आता गरज नाही. कुणाशी मसलत करून ठरवलं, ते लिहिलं नव्हतं. माझा नवरा मोहोपाड्याला कंपनीत कंत्राटी आहे. त्याला जमातीची माणसं भेटली, बायकोला आवर म्हणाली. तो म्हणाला, "तिच्याशीच बोला, ती घरीच असते." एवढं बोलला, पण त्या दिवशी जेवला नाही. भ्यायलेला. मी पण भ्यायलेच होते.

तरी जमातीची सभा भरली तेव्हा आम्ही गेलो. मी, आई, हसीनाभाभी आणि तिची पोरगी. आतल्या पुरुषांनी कडी लावली. पोरीनं दारावर थाप मारली. या वेळी ती ओट्यावर बसली नाही. सभा सुटेपर्यंत आम्ही उंबऱ्यासमोर उभ्या राहिलो. अध्यक्ष बाहेर आले तेव्हा वाट सोडली नाही.

मी म्हटलं, "आमच्याबद्दलचा निकाल आमच्यासमोर लागेल. पाठीमागं लावलेला एकही निकाल आम्ही यापुढं मानणार नाही. पुढच्या सभेलाही येणार. त्याच्या पुढच्यालाही."

ते म्हणाले, "धर्मात राहा, बाई."

"धर्मातच आहे. आणि कुठं जाणारही नाही. तुम्हाला सवय करून घ्यावी लागेल."