वाढपी मंडळाचे नाना

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर लोक ओळखीची माणसं शोधतात. आमचे सेक्रेटरीनाना वरणाची बादली शोधत. घर कुणाचंही असो, धोतराचा सोगा खोचायचा, उपरणं कमरेला बांधायचं आणि पहिल्या पंगतीपासून वाढायला लागायचं. स्वतः जेवायचे ते शेवटच्या पंगतीला, तळाचं वरण आणि गार बट्टी.

पारोळ्यात आमचं वाढपी मंडळ होतं आणि नाना त्याचे कायमचे सेक्रेटरी. ऐन भरात बत्तीस सभासद. शिंपी, मास्तर, कापसाचे व्यापारी, सगळे. ज्याच्या घरी कार्य त्यानं नानांना नारळ आणून द्यायचा, की मंडळ हजर. मोबदला नाही, सत्कार नाही, टोपीसुद्धा घ्यायची नाही. "पाहुणाले वाढनारा हात घरना जोयजे," हे नानांचं ठाम मत. भाड्याचा हात त्यांना चालत नसे.

मी नवा सभासद असताना मामलेदारांच्या पानावर तुपाची धार जरा जास्त धरली. नानांनी भर पंगतीत माझ्या हातातली तपेली काढून घेतली. "तो साहेब कचेरीमा. आठे तो पाहुणा शे!" ती सगळी लग्नसराई मला त्यांनी पाणी वाढायला ठेवलं. मी धुमसत होतो. पण पंगतीच्या टोकाला बसलेल्या हमालाच्या पानावरही नाना तेवढंच तूप वाढत होते, हे मला पाणी वाढतानाच दिसलं.

नव्वद सालाच्या पुढेमागे गावात बुफे आला. "उभा राहीसन खातस ती ढोरं," असं नाना चारचौघांत म्हणत आणि लोक हसत. हसत कोण होते? ज्यांच्या बहिणींच्या लग्नात आम्ही भर वैशाखात हजार हजार पानं वाढली, तेच! एका महाभागानं तर निरोप धाडला, मंडळानं जरूर यावं, पण एकसारखे गणवेश घालून, म्हणजे फोटोत बरं दिसेल. जनाची नाही तर मनाची तरी! कुणी सुरतेला गेले, कुणी नाशकाला, त्यांचं एक वेळ समजू शकतो. गावात राहिलेल्यांची मात्र लग्नसराई आली की नेमकी कंबर धरायची.

मासिक सभा एकादशीला असे, कारण त्या दिवशी सहसा कुठे पंगत नसते. कोरम सातांचा. येणारे आम्ही चौघं: नाना, आणखी दोन म्हातारे आणि जळगावहून नोकरी सांभाळून एसटीनं येणारा मी. नाना रीतसर सभा तहकूब करत. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, पण तोवर मंडळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चार माणसं तोंड मिटून बसलेली पाहून रस्त्यानं जाणारे दारात थांबून विचारत, "कोन गया?" नाना भडकत, पण त्या अर्ध्या तासात उत्तर देत नसत. वेळ भरली की खड्या आवाजात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेत.

पुढे त्या सभाही बंद पडल्या आणि वर्षभरात नाना गेले. त्यांच्या तेराव्याला मुलांनी केटरर लावला. माझं डोकंच फिरलं. अंगणातच थोरल्याला गाठून मी ओरडलो, "ज्या माणसानं जन्मभर गावाला वाढलं, त्याच्या तेराव्याला भाड्याची माणसं?"

तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमच्या बहिणीच्या लग्नात वाढायला कोण होतं?"

केटरर होता, जळगावचा. मीच ठरवला होता. पाचशे माणसं आणि वाढायला तीन म्हातारे, नसती फजिती नको म्हणून. नानांकडे नारळ घेऊन गेलो नाही, नुसती पत्रिका दिली. दुसऱ्या कुणाला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं असतं. मला एवढंच म्हणाले, "बरं करं भाऊ. तीन म्हातारासना हात कितला पुरतीन?"

लग्नाला ते आले, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. पुढच्या एकादशीला मी नेहमीच्या एसटीनं पारोळ्याला पोचलो. मंडळाच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली नानांकडेच असायची. बाकीचे दोघं पायरीवर बसले होते. मला पाहून उठले आणि घरी गेले.