इंदुवयनीने नवऱ्याची चूक छापायला लावली

इंदुवयनी गोड बाई नाय. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या अष्टमी गावात आता जो तो तिच्याबद्दल बोलतो आणि मला त्या सगळ्यांना उत्तर द्यायचंय. ती शिव्या देते, भांडते, दारात आलेल्याला पाणीसुद्धा विचारत नाय. पण रोह्याच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना तिच्यासारखं दुसरं माणूस मला दाखवा.

माहेर हमरापूरचं. घरात बारा महिने गणपतीच घडवायचे. लहानपणी खेळायला तुटलेल्या सोंडा आणि कान, मोठी झाल्यावर डोळे आखायला बसवली. लग्न करून आली आमच्या विठूदादाकडे. दोघं कचाकचा भांडायची, पण तो कंपनीतून शिफ्ट संपवून आल्याशिवाय ही जेवायची नाय. विठूदादा आमच्या गणपती मंडळाचा पहिला गडी. विसर्जनाला तराफ्यावर मूर्तीजवळ तोच उभा.

गेल्या वर्षी विसर्जनाला कुंडलिका नदीत तराफा कलला. बाकीच्यांनी उड्या टाकल्या. विठूदादाने मूर्तीखालचा पाट धरून ठेवला. मूर्ती तोंडावर पडली तर गावाला वाईट, हे आमच्यात प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मूर्ती त्याला घेऊन खाली गेली. वर काढला तेव्हा बोटं पाटालाच.

मग सुरू झालं. भाग्यवान निघाला. बाप्पानेच बोलावून नेला. मंडळात फोटो लागला, हार चढला, खाली लिहिलं, ‘शेवटपर्यंत मूर्ती सोडली नाही’. त्याची आई ठमाबाई रोज त्या फोटोसमोर जाऊन बसायची. तिला तेवढाच आधार, तिला मी काय बोलणार नाय.

या वर्षी पोलीस म्हणाले, तुमच्या पोरांना नियम छापून द्या, तर परवानगी. म्हणून ही स्वयंसेवकांची पुस्तिका. अध्यक्ष हैबतराव, त्यांनीच करायला घेतली. जाकीट कसं बांधायचं, प्यायलेल्याला तराफ्यावर घ्यायचं नाय, दोर कुठे ठेवायचा, डॉक्टर कुठे बसणार. चांगलं व्हतं सगळं. आणि पहिल्याच पानावर विठूदादाचा फोटो, खाली तीच ओळ.

वयनी मीटिंगला आली. तिथे बाईमाणूस कधी आलं नव्हतं. तिने पान बघितलं आणि टेबलावर आपटलं.

"ही ओळ काढा. लिहा, तराफा कलला की मूर्ती सोडायची."

"इंदू, तू घरी जा गो," हैबतराव म्हणाले. "देवाचं काम हाय हे."

"देव कुठे हाय तेव्हा? रघुनाथकाका, तुमी सांगा. उत्तरपूजा झाली, अक्षता टाकल्या, पाट हलवला. मग मूर्तीत काय उरतं?"

रघुनाथकाका मंडळाची पूजा सांगतात. ते चष्मा पुसत बसले. "तसं बघितलं तर देव गेलेले असतात," म्हणाले. "पण लोकांची भावना असते ना."

"माझा नवरा त्या भावनेखालीच सापडला."

"जिभेला हाड नाय हिच्या," मागून मंडळातलाच जनू बोलला. मी त्याची कॉलर धरली. आम्हा दोघांना बाहेर हाकललं, पण खिडकीतून सगळं ऐकू येत व्हतं.

हैबतराव पक्का माणूस. आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, लिहितो सोडायची. मग विठू चुकला असं व्हतंय. गावाने हार घातला तो चुकलेल्या माणसाला? तूच सांग, काय लिहू?"

मला वाटलं, संपलं. मग आतून वयनीचा आवाज आला.

"लिहा, विठू चुकला."

"छापू?"

"छापा. नावासकट छापा. कोणीतरी चुकला असं नको. पोरं म्हणतील, तो कोणतरी येडा व्हता, आपण थोडेच तसे."

छापलं. ठमाबाईने सुनेशी बोलणं टाकलं. नळावर बायका हंडे बाजूला सरकवतात. मेल्या नवऱ्याची अब्रू विकली म्हणतात. म्हणा. तुमची पोरं जिवंत घरी यावी म्हणून ती बाई आज एकटी जेवते, एवढं ध्यानात ठेवून म्हणा.

पुस्तिका वाटायच्या दिवशी ती घाटावर आली ती भावाच्या टेम्पोतून. कान्हू हमरापूरहून मोठ्या मूर्त्या घेऊन आला व्हता, साच्यात बिघडलेल्या, बिनरंगाच्या.

"वाचून हात सुटत नाय," ती म्हणाली. "पाण्यात उतरा."

"मूर्त्या बुडवून खेळ करणार?" हैबतराव पायरीवर बसले व्हते, तिथूनच तापले.

"डोळे कुठे आखलेत? माल हाय नुसता. माझ्या बापाच्या घरात याला टेकून जेवतात."

पहिला उतरला पोपट, हैबतरावांचा एकुलता एक. बापानेच केलेली पुस्तिका त्याला आधीच पाठ. छातीभर पाण्यात मूर्तीचा पाट धरून उभा राहिला. वयनी साडी खोचून त्याच्या बाजूला. "कलला," ती म्हणाली आणि मूर्ती ढकलली. पोपटने पाट आणखी घट्ट धरला आणि मूर्तीबरोबर गडप झाला. कान्हूने ओढून वर काढला. खोकतोय, डोळे लाल.

परत उभा केला. परत ढकलली. परत तेच, हात सुटेना. पोरं हसायला लागली, मग पुढे सरकून बघायला लागली.

पुढच्या वेळी तिने त्याच्या मनगटावर फाडकन मारलं. "सोड, मेल्या."

बोटं उघडली. मूर्ती तोंडावर पडली आणि बुडाली. पोपट पाण्यात उभा, हाताकडे बघतोय.

हैबतराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ह्या दोघांची घाटावरच जुंपणार. ते वयनीकडे बघत नव्हते, पोराकडे बघत व्हते.

"परत करून घे त्याच्याकडून," म्हणाले. "न मारता सुटेपर्यंत."