म्हैस बघायला आलोय

"हळू बोल गो बाय, काचा उघड्या हायत."

गाडीला चावी लावायच्या आधी काकू काचेवर चिकटवलेल्या त्या रस्ता सांगणाऱ्या यंत्राच्या तोंडावर बोट ठेवायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. यंत्र म्हणजे तळहाताएवढा काळा डबा. आतून एक बाई हिंदीत बोलायची. काकू तिला "गो" म्हणायच्या, ती काकूंना "आप" म्हणायची, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीचं ऐकायची नाही.

काकूंचं नाव मी सांगणार नाही. त्यांनाच आवडलं नसतं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत त्या लग्नं जमवायच्या, आणि जमेपर्यंत कुणाचंही नाव ओठावर येऊ द्यायच्या नाहीत. म्हणजे गोष्ट काकूंची आणि नाव मात्र नाही, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. वाटू दे.

माझं शहापुरात ड्रायव्हिंग स्कूल आहे. काकू माझ्या शेजारी राहायच्या आणि पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडेच गाडी शिकल्या. आयुष्यात मी नाना तऱ्हेचे विद्यार्थी पाहिले. क्लचला घाबरणारे, ट्रकला घाबरणारे, बायकोला शेजारी बसवलं की स्टिअरिंग सोडणारे. पण रिवर्स गिअरशी वैर धरणाऱ्या काकू एकट्याच. परीक्षेच्या दिवशी त्यांनी नाक मुरडत गाडी मागे घेतली, ती शेवटची.

"लग्नाच्या कामाला निघालेल्या माणसानं मागं फिरायचं नसतंय. काम फिरतंय," असं त्यांचं म्हणणं.

"काकू, अहो माणसानं. गाडीनं नाही."

"गाडीत मीच बसलेली असते ना रे?"

आता बोला! एकदा मुरबाडला जाताना सापगावच्या पुलावर त्यांना आठवलं की गॅसवर दूध ठेवलंय. तरी फिरल्या नाहीत. मी फोन करून माझ्या बायकोला त्यांच्या घरात धाडलं. दूध गेलं, पातेलं गेलं, पण त्या दिवशीचं लग्न जमलं, आणि काकूंनी ते पातेलं मला कित्येक महिने पुरावा म्हणून दाखवलं. ही असली बाई एकटी रस्त्यावर सोडणं बरं नव्हे, म्हणून सुटीच्या दिवशी मी शेजारी बसायचो. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी माझा पाय सारखा दाबत असायचा.

आता यंत्र कसं आलं ते सांगतो. डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर एक मुलगी होती. हुशार, बोलकी, बारावी झालेली. पहिली सोयरीक मुलाकडच्यांनी उगाचच मोडली. दुसऱ्या वेळी काकू पाहुण्यांना घेऊन निघाल्या आणि पाड्याच्या तोंडाशी वाट चुकल्या. काकूंना माणसं लक्षात राहायची, कुणाच्या आजीचं माहेर कुठलं तेसुद्धा, पण रस्ता म्हटला की डोकं रिकामं. तर त्यांनी टपरीवर मुलीच्या बापाचं घर विचारलं. टपरीवाला भला माणूस. तो कौतुकानं म्हणाला, "पोरीला बघाया आलाव ना? जा सरळ. मागं पण एक पार्टी येऊन गेली. जमलं नाय बिचारीचं."

मागच्या सीटवर मुलाची आई बसली होती. तिनं तिथेच तोंड वाकडं केलं. पोहे खाल्ले, पण निरोप आला तो नकाराचा.

दोनदा मोडलं की गाव बोलायला लागतं. पोरीत काहीतरी असेल, असं म्हणतात. बापानं काकूंना निक्षून सांगितलं, "काकू, आता तिसऱ्या बारीला गावात कुणाला कळता कामा नये. जमलं तर सांगू. नाय जमलं तर पोरीचं नाव तरी निघणार नाय."

काकूंनी शब्द दिला. त्या रात्री जेवल्या नाहीत, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. "माझ्या एका विचारण्यानं पोरीचं काम फिसकटलं," एवढंच त्या म्हणत होत्या. तेव्हापासून त्यांचा नियम झाला, विचारायचं नाय, पोचायचं. मोबाईलला तिकडे रेंज नसायची. मग कल्याणच्या भाच्याकडचा हा जुना डबा त्यांनी मागून आणला. आणि तरीही कुणी हटकलंच, तर सांगायचं वाक्य ठरवून ठेवलं, "म्हैस बघायला आलोय." म्हैस बघायला कुणीही कुठेही जाऊ शकतं, त्यात कुणाची बदनामी नाही.

पण डब्याला पाड्यावरचं घर ठाऊक असायला हवं ना? त्यावर काकूंनी तोड काढली. मुलीचा बाप बाजाराला शहापुरात आला, तेव्हा यंत्र त्याच्या पिशवीत घातलं आणि मी त्याला शिकवलं. "हे घराचं चित्र दिसतं? घरी गेलात की उघड्यावर उभं राहायचं आणि हे दाबायचं. बस्स." त्यानं मान डोलावली. पुढच्या बाजाराला डबा परत आला. "दाबलंत ना?" "दाबलं तर!"

ठरलेल्या दिवशी आम्ही मुरबाडहून मुलाला आणि त्याच्या आईला घेतलं. मुलगा कंपनीत पॅकिंगला होता. आकाशी शर्ट, कडक इस्त्री, मानेवर पावडर. आईनं नवी साडी नेसून शेवंतीची वेणी माळली होती. काकूंनी घराचं चित्र दाबलं, डब्याच्या तोंडावर बोट ठेवलं, "हळू बोल गो" म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

डोळखांबपर्यंत सगळं सुरळीत. पुढे एका फाट्यावर काकू बोलण्याच्या नादात सरळ गेल्या. डब्यातली बाई म्हणाली, "संभव हो तो यू-टर्न लीजिए."

काकूंनी गाडीच थांबवली. "काय बोलली ही?"

"मागे फिरा म्हणते."

"तुझ्या तोंडात साखर पडो म्हणायची सोय नाय गो! शुभकामाला निघालोय आणि मागं फिर? बोल, दुसरं काय असेल ते बोल."

"संभव हो तो यू-टर्न लीजिए."

"नाय संभव!"

काकूंनी पहिला गिअर टाकला आणि दामटली. ती बाई फिरा म्हणत राहिली, काकू "गप" म्हणत राहिल्या, मागे मुलाची आई कुलदेवतेचं नाव घेत राहिली. शेवटी बाईनं हात टेकले असावेत. तिनं नवा रस्ता काढला. डावीकडे वळा म्हणाली. वळलो, तर डांबर संपलं. अजून डावीकडे म्हणाली, तर रस्ताच संपला आणि बैलगाडीची वाट लागली. भात कापून झालेलं होतं. दोन्हीकडे नुसती खोडं. मी अस्तित्वात नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटरीला गोळा आणला.

"काकू, हा रस्ता घराचा नाही वाटत. विचारू या का कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काच वर घेतली.

वाट एका पेंढ्याच्या गंजीला वळसा घालून वर चढली, गाडी धापा टाकत चढली, पुढचं चाक एका चरात धाडकन पडलं आणि इंजिन बंद झालं. आणि त्या शांततेत डब्यातली बाई सगळ्या जोरानिशी म्हणाली, "आपकी मंज़िल आ गई है."

आम्ही पाड्याच्या खळ्यावर होतो. बरोब्बर मधोमध. भाताची झोडणी चालू होती आणि अख्खा पाडा तिथे होता. बाया, बापे, पोरं, म्हातारी माणसं. सगळे हातातल्या पेंढ्या तशाच धरून आमच्याकडे बघत होते. त्यांच्यातच मुलीचा बाप उभा होता. त्याचा चेहरा बघितला मात्र, आणि मला झालेला घोळ कळला. नंतर त्यानंच कबूल केलं, यंत्राचं बटण दाबायची आठवण त्याला झाली ती खळ्यावर. शिवाय घरी दाबलं तर शेजारी विचारणार हे काय म्हणून. मग त्यानं कुणी बघू नये म्हणून गंजीमागे जाऊन गुपचूप घराचं चित्र दाबलं होतं.

काकू दार उघडून उतरल्या. पदर सारखा केला. एका मुलीचं नाव आता त्या पेंढ्यांमधून गावभर व्हायचं होतं, आणि तेही आमच्यामुळे, दुसऱ्यांदा.

"म्हैस बघायला आलोय," काकू म्हणाल्या.

मग पुढे बसलेला एक म्हातारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उठला. त्यानं मुलाच्या इस्त्रीकडे बघितलं, आईच्या वेणीकडे बघितलं, काचेवरच्या डब्याकडे बघितलं.

"बघा की," तो म्हणाला. "माझीच बघा आधी."

आणि तो म्हैस आणायला गेला. त्याच्यामागे दुसरा गेला, मग तिसरा. थोड्या वेळात खळ्यावर म्हशींची रांग लागली. मी जन्मात म्हैस विकत घेतलेली नाही, पण मारे पुढे होऊन "दूध किती देते" विचारत होतो. मुलाची आई नव्या साडीचा घोळ उचलून म्हशीच्या शेपटीपासून लांब उभी होती. काकू एकेका म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून "बरी हाय, पण जरा रोड हाय" असं म्हणत होत्या. म्हशीसुद्धा कंटाळल्या.

शेवटी मुलीच्या बापाला काय वाटलं कोण जाणे. तो घराकडे बघून ओरडला, "गो, आपली म्हैस घेऊन ये!"

आणि मुलगी आली. साडी नाही, पोह्यांची बशी नाही. रोजचा ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली, हातात दावं. ती सरळ मुलासमोर येऊन उभी राहिली. म्हशीनं मान झटकली, तसा मुलगा दोन पावलं मागे सरला.

"भिताव काय?" तिनं विचारलं.

मुलानं सगळ्यांकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. जाम."

ती हसली. असं खळखळून हसली की मीही हसलो, म्हातारा हसला, मुलाची आईसुद्धा हसली. मग तिनं दावं मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा. काय करत नाय ती." आणि तो म्हैस धरून उभा राहिला, ती त्याला काहीबाही विचारत राहिली, कंपनी कुठे, जाता कसे, रात्रपाळी असते का. खळ्यावर झोडणी पुन्हा सुरू झाली. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

निघताना गाडीचं चाक चरात. मी म्हटलं, काकू, रिवर्स टाका, दोघे ढकलतील, झालं. काकू म्हणाल्या, मेले तरी नाय. तेव्हा तो टॉवेलवाला म्हातारा पुढे आला. "म्हशीच्या कामाला पण मागं जात नाय वाटतं," म्हणाला, आणि त्यानं गड्यांना हाक मारली. त्यांनी काकूंसकट गाडी उचलली आणि हातावर फिरवून ठेवली. "मी फिरवली नाय हां, त्यांनी फिरवली," काकूंनी मला बजावलं. मुलीच्या आईनं धावत येऊन "म्हशीवाल्यांना" म्हणून डबाभर पोहे दिले. थंड झाले होते, पण आम्ही वाटेत चाटूनपुसून खाल्ले.

लग्न जमलं, थाटात झालं. मुलगी नंतर माझ्या बायकोला म्हणाली, "आधी दोनदा मी मान खाली घालून नुसत्या चपला बघितल्या. तिसऱ्या बारीला तोंड बघितलं." काकू मात्र वेगळ्याच गोष्टीनं फुशारायच्या. "पाड्याला पत्ता लागू दिला नाय! म्हैस बघायला आलोय म्हटलं, विषय संपला." डब्यातलं घर त्यांनी कधी बदलू दिलं नाही. त्यामुळे पुढे कुठूनही परतताना घराचं चित्र दाबलं की ती बाई आम्हाला डोळखांबकडे न्यायला बघायची. "माहेर हाय तिचं तिकडं," काकू म्हणायच्या.

मागच्या थंडीत काकू गेल्या. झोपेत, कुणाला न सांगता. त्यांची रीतच ती.

तेराव्याला ती मुलगी आली, तिचा नवरा आला, आणि पाड्यावरची माणसंही आली. तो टॉवेलवाला म्हातारा माझ्या शेजारी जेवायला बसला. मला काकूंची आठवण आवरेना. मी म्हटलं, "आजोबा, आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी आम्ही म्हैस बघायला आलोच नव्हतो."

म्हातारा भात कालवत राहिला. "म्हैस बघाया कोण वेणी माळून येतंय?" तो म्हणाला. "अख्ख्या खळ्याला कळलं तवाच."

माझा घास हातात राहिला. "मग म्हशी कशाला आणल्यात?"

"पोर आमची हाय ना. दोनदा मोडलेलं. आमी बघतोय असं दिसलं असतं, तर तिसऱ्यांदा पण मोडलं असतं. त्या बाई एवढ्या जीवावर उदार होऊन म्हैस म्हणाल्या, तर म्हैसच." मग तो हळूच म्हणाला, "माझ्याकडं तर म्हैसच नव्हती. शेजाऱ्याच्या गोठ्यातून सोडून आणली."

"आणि दूध किती ते सांगितलंत मला!"

"तोंडाला आलं ते सांगितलं."

"काकूंना बोललात कधी?"

"कशाला? त्या खुशीत होत्या."

मी हसायला लागलो आणि मला रडूच आलं. पंगतीत, पत्रावळीसमोर, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला. म्हाताऱ्यानं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी त्याला सोडायला मी काकूंचीच गाडी काढली. डबा अजून काचेला होता. घराचं चित्र दाबलं. फाट्यावर मीही सरळ गेलो. बाई म्हणाली, यू-टर्न लीजिए. मी फिरलो नाही. म्हातारा बैलगाडीच्या वाटेनं हादरे खात बसून राहिला. खळं सारवून स्वच्छ पडलं होतं, तिथे कुणीसुद्धा नव्हतं.

"आपकी मंज़िल आ गई है," बाई ओरडली.

मी तिच्या तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल गो बाय," म्हटलं, "काचा उघड्या हायत."