न चिकटलेले रुपये

शेजारचे भाऊकाका दर महिन्याला बँकेतून रुपयाच्या नाण्यांची पिशवी आणतात, ओट्यावर ओततात आणि वरून लोहचुंबक फिरवतात. नवी नाणी पटापट चिकटतात. तांबं मिसळलेली जुनी तेवढी खाली राहतात.

“विकणार?” मी विचारलं.

“छे! तुझी काकू एसटीत कंडक्टर होती. यातलं एखादं तिच्या हातून गेलं असेल.”

काकू जाऊन दोन वर्षं झाली. माणूस जातो, त्याचा स्पर्श मात्र कुठल्यातरी परक्या खिशात फिरत राहत असेल.

“मग जपून ठेवता?”

“तुझी काकू कधी घरात बसली का?” काका चिडलेच.

आज एसटीत ते माझ्या पुढच्याच सीटवर होते. तिकिटाला त्यांनी ते जुने रुपये दिले. कंडक्टरबाईंनी न बघताच पिशवीत टाकले. काका उतरेपर्यंत बाईंच्या हातांकडे बघत होते.